व्हॉट्सअ‍ॅपचे दोन बाण: साडेतीन तारे

घरच्या ग्रुपची अ‍ॅडमिन असल्यामुळे या दोन बाणांशी माझी रोज गाठ पडते, म्हणून लिहितेय. फॉरवर्डची खूण २०१८ मध्ये आली. मेसेज पाच किंवा त्याहून जास्त वेळा पुढे ढकलला गेला असेल तर एकाऐवजी दोन बाण दिसतात आणि एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो. यामुळे असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीने तेव्हा सांगितलं होतं.

आमच्याकडे काकांनी कोसळलेल्या पुलाचा फोटो टाकला. ‘आत्ताच घडलंय, सगळ्यांना कळवा.’ वर दोन बाण. इमेज सर्च केलं तर तोच पूल कितीतरी जुन्या बातमीत, कोपऱ्यातला लाल ट्रकसुद्धा तोच. ग्रुपवर न बोलता काकांना वेगळं कळवलं. त्यांचं उत्तर: “मला आलं तसं पुढे पाठवलं. खोटं होतं तर अ‍ॅपवाल्यांनी अडवायला नको का?”

हेच काका आदल्याच आठवड्यात चिडले होते, “एकेकाला काय पाठवत बसायचं? मी काय पाठवायचं ते हे कोण ठरवणार?”

पण एकट्या काकांना का बोला? अमेरिकेत प्यू रिसर्च या सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेने लोकांना विचारलं होतं, मोकळेपणाला थोडी कात्री लागली तरी सरकारने ऑनलाइन खोटी माहिती रोखावी का? २०१८ मध्ये ३९ टक्के हो म्हणाले, २०२३ मध्ये ५५. कंपन्यांनी रोखावी म्हणणारे तर ६५ टक्के. हो म्हणताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर दुसऱ्याचाच फॉरवर्ड असणार, अशी मला दाट शंका आहे.

म्हणूनच ही खूण मला आवडते. ती कुणाला खोटारडं ठरवत नाही. मेसेज एन्क्रिप्टेड, त्यामुळे आत काय आहे ते कंपनीला दिसत नाही. बाणांवरून आपल्याला मेसेज बराच फिरलाय एवढंच कळतं. आणि गोची तिथेच आहे. आमची आत्या दोन बाण बघून म्हणते, “एवढ्या लोकांनी पाठवलंय, म्हणजे खरंच असणार!” तिच्या लेखी तो आयएसआयचा शिक्का. शिवाय मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की बाण गायब. काका हे कुणी न शिकवता शिकले.

२०२० मध्ये दोन बाणांशेजारी भिंगही आलं, दाबलं की तोच मजकूर थेट वेबवर शोधता येतो. सुरुवातीला ते सातच देशांत होतं. माझा अर्धा तारा कापलाय तो या भिंगासाठी, सगळ्यांच्या हातात ते पहिल्या दिवसापासून हवं होतं. उरलेला एक कॉपी-पेस्टचा.

काल आत्याचा मेसेज आला: “अगं, यावर एकच बाण आहे. हे टाकू ना?”