घडीतली बुरशी आणि सोरायसिस: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जुलैत रोज सकाळी लोकलमधून उतरून ऑफिसला पोहोचले की मी आधी बाथरूम गाठायचे आणि ब्राच्या पट्टीखाली टिश्यू पेपर घालायचे. डोंबिवलीहून गर्दीत सव्वा तास उभं राहिल्यावर डाव्या स्तनाखालची कातडी ओली होऊन लालभडक झालेली असायची आणि टिश्यू काढताना तिच्यावरचा पापुद्रा सोबत यायचा. वास यायचा. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला तो येत असेल का, ही धास्ती दिवसभर मनात.

सोरायसिस, म्हणजे कातडीवर खवल्यांचे लाल चट्टे उठणारा जुनाट आजार, मला 14 वर्षांपासून आहे. धाकट्याच्या जन्मानंतर कोपरावर पहिला चट्टा उठला, मग गुडघे, मग डोक्यात. त्याच्याशी मी जमवून घेतलं होतं. कोपरावरचा चट्टा कुणी विचारला तर सांगता येतो, तो संसर्गजन्य नाही हेही समजावता येतं. पण स्तनाखाली, पोटाच्या घडीत, जांघेत जे होत होतं ते नवऱ्याला सांगायलाही मला वर्ष लागलं. त्या काळात मराठीत याबद्दल मोकळेपणाने लिहिलेलं काही माझ्या हाती लागलं नाही, म्हणून मी काय काय वापरलं आणि कशाचा काय परिणाम झाला ते इथे सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं देते ती तुम्हाला तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडावीत म्हणून.

सुरुवात चुकीपासून करते. जवळजवळ दोन वर्षं मी मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब लावत होते. काउंटरवर हळू आवाजात "घामाने लाल झालंय, खाज येते" एवढं सांगितलं आणि तो म्हणाला, "ताई, ही लावा, तीन दिवसांत आराम पडेल." आराम खरंच पडायचा. चौथ्या दिवशी बंद केली की आठवड्याभरात आधीपेक्षा मोठा चट्टा. पुन्हा तीच ट्यूब. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते मी दोन वर्षांत एकदाही वाचलं नाही. त्यात क्लोबेटासॉल, ओफ्लॉक्सासिन, ऑर्निडॅझोल आणि टर्बिनाफिन अशी चार औषधं एकत्र होती. क्लोबेटासॉल हे मलमांमधल्या सर्वांत तीव्र गटातलं स्टिरॉइड. घडीत कातडीवर कातडी बसते, जागा झाकलेली आणि ओलसर राहते, त्यामुळे तिथे ते जास्त शोषलं जातं. माझ्या जांघेत आज पांढुरके, खोलगट ताणाचे व्रण आहेत. ते त्या ट्यूबचे आहेत आणि ते जाणार नाहीत. अशी स्टिरॉइड मलमं 2018 मध्ये सरकारने शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकताच येत नाहीत. माझ्याकडे एकदाही कुणी चिठ्ठी मागितली नाही. याचा मला अजून राग आहे.

त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा ट्यूब मागितली, वाचली आणि बाजूला ठेवली. मग ब्लेडने डाव्या स्तनाखालची आणि दोन्ही जांघांतली कातडी हलकेच खरवडून वेगवेगळ्या काचपट्ट्यांवर घेतली. याला केओएच तपासणी म्हणतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबाने कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशी असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. खोलीतला दिवा मालवून जांभळट प्रकाशाचा एक दिवाही त्यांनी घड्यांवर धरला. एरिथ्राझ्मा नावाचा जिवाणूंचा संसर्ग असेल तर त्या प्रकाशात जागा पोवळ्यासारखी लाल चमकते. माझी चमकली नाही.

निकाल ऐकून मी थक्क झाले. डाव्या स्तनाखाली आणि डाव्या जांघेत कॅन्डिडा, म्हणजे यीस्ट प्रकारची बुरशी. उजव्या जांघेत बुरशी अजिबात नाही, तिथे निव्वळ सोरायसिस. मी दोन्हीकडे एकच ट्यूब फासत होते. वर त्या ट्यूबमधलं टर्बिनाफिन नायट्याच्या बुरशीवर चांगलं चालतं, कॅन्डिडावर त्याचा जोर कमी पडतो, हेही तेव्हाच कळलं.

घडीतला सोरायसिस ओळखू येत नाही याचं कारण तिथे खवले नसतात. कोपरावर चांदीसारखे खवले सुटतात. घडीत ओलाव्यामुळे ते टिकत नाहीत आणि उरतो तो गुळगुळीत, चकाकणारा, ठळक कडेचा लाल चट्टा. कधी मध्यभागी चीर. कॅन्डिडाचा चट्टा जास्त ओला असतो, कडेला कातडी सुटलेली असते आणि मुख्य चट्ट्याबाहेर बारीक लाल पुटकुळ्या विखुरलेल्या असतात. डॉक्टरांनी माझ्याच फोनवर दोन्हीचे फोटो काढून दिले. तेव्हापासून नवा चट्टा उठला की मी तो त्यांच्याशी ताडून बघते. तरीही खात्री होत नाही, कारण दोन्ही एकाच जागी असू शकतात. सोरायसिसने सुजलेल्या घडीत ओल साचते आणि बुरशीला आसरा मिळतो. बुरशीमुळे कातडी दुखावते, आणि दुखावलेल्या जागी सोरायसिस उठतो. काच पडला, ओरखडा आला, घासलं की त्याच रेषेत चट्टा येतो, हा अनुभव सोरायसिसच्या अनेकांना असेल.

रक्तही तपासलं. सारखी बुरशी होते म्हटल्यावर साखर बघायलाच हवी असं डॉक्टर म्हणाल्या. एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, 6.1 निघालं, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

उपचार दोन टप्प्यांत होते. आधी बुरशी. क्लोट्रिमॅझोल 1 टक्का क्रीम दिवसातून दोनदा, चार आठवडे, आणि फ्लुकोनॅझोल 150 मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एक, चार वेळा. गोळी देण्याआधी कोलेस्टेरॉलची, साखरेची, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, असं डॉक्टरांनी खोदून विचारलं. फ्लुकोनॅझोलचं त्यांतल्या बऱ्याच औषधांशी जमत नाही. तुम्हाला कुणी विचारलं नाही तर आपण होऊन सांगा. क्रीम किती लावायचं हे मला तेव्हा प्रथम कळलं: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर एक रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. मी तिप्पट लावत होते आणि तो थरच ओल धरून ठेवत होता.

दुसरा आठवडा फार वाईट गेला. जुनी ट्यूब बंद केल्यामुळे उजवी जांघ उसळली, आग आग व्हायची, चालताना पाय फाकून टाकावे लागायचे. दोन दिवस रजा घेतली. एका रात्री जुनी ट्यूब हातात घेऊन मी पलंगावर बसले होते. नवऱ्याने ती काढून घेतली आणि कचऱ्यात टाकली. डॉक्टरांनी त्या जांघेसाठी सात दिवस हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड दिलं आणि मग टॅक्रोलिमस मलम.

टॅक्रोलिमसबद्दल जरा जास्त लिहिते, कारण पुष्कळ जणी पहिल्या तीन दिवसांतच ते सोडतात. ते स्टिरॉइड नाही. कातडी पातळ करत नाही, म्हणून चेहरा आणि घड्यांसाठी डॉक्टर ते देतात. पण सुरुवातीला चरचरतं, मिरची लागल्यासारखं. मला पाच दिवस चरचरलं, सहाव्या दिवशी कमी, दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही. ट्यूब फ्रिजमध्ये ठेवली आणि अंघोळीनंतर अर्धा तास थांबून, जागा पूर्ण कोरडी झाल्यावर लावलं तेव्हा ते सुसह्य झालं. बुरशी चालू असताना त्या जागी ते लावायचं नाही, ही अट मी कटाक्षाने पाळते. तीन आठवड्यांत उजव्या जांघेचा लाल रंग फिकट गुलाबी झाला, सहाव्या आठवड्यात चट्टा गेला. आता आठवड्यातून दोनदाच लावते.

औषधांइतकाच, किंबहुना जास्त, फरक कशाने पडला असेल तर आईच्या जुन्या सुती साडीने. धुऊन धुऊन मऊ झालेली ती साडी मी हातभर लांबीच्या पट्ट्यांत फाडली. सकाळी एक पट्टी स्तनांखाली अशी घालते की तिचं टोक घडीच्या थोडं बाहेर राहील. आत दडपून टाकली तर घाम तिथेच मुरतो. पर्समध्ये डबीत तीन कोऱ्या आणि ओल्या ठेवायला एक पिशवी. ऑफिसला पोहोचल्यावर एक बदलते, जेवणानंतर एक. रात्री ब्रा काढून नुसती पट्टी. चाळीस रुपयांचा टिश्यूचा पुडा जे करू शकला नाही ते या फडक्यांनी केलं, कारण टिश्यू भिजून त्याचा लगदा व्हायचा आणि तो काचायचा.

पुसण्याची पद्धतही बदलली. घासायचं नाही, पंच्याने टिपायचं, मग हेअर ड्रायरची थंड हवा दोन मिनिटं. गरम हवा लावू नका, मी एकदा लावली आणि घाम सुटून सगळं पुन्हा ओलं झालं. साबण सोडला. आपली कातडी किंचित आम्ल असते, साध्या साबणाचा पीएच 9 ते 10 असतो. डॉक्टरांनी सांगितलेली सौम्य, साबणविरहित वडी त्या जागेपुरती वापरते. घडी कोरडी आणि शांत असेल त्या दिवशी बाहेर पडण्याआधी झिंक ऑक्साइडच्या क्रीमचा पातळ हात, म्हणजे लोकलमध्ये कातडी कातडीला घासत नाही. टाल्कम पावडर बंद, घामात तिच्या गोळ्या होतात आणि त्या खुपतात.

घरचे उपाय मीही केले आहेत. सासूबाई मायेने कडुनिंबाचा पाला उकळून द्यायच्या. त्या पाण्याने थंड वाटायचं, पण नंतर जागा कोरडी केली नाही तर फायदा शून्य. खोबरेल तेल कोपरांना आणि गुडघ्यांना छान, खवले मऊ पडतात. घडीत मात्र ते लावून मी दोनदा पस्तावले. लिंबू किंवा व्हिनेगर उघड्या कातडीला कृपा करून लावू नका.

पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत ही आमच्याकडची खरी अडचण. सर्दावलेली ब्रा आणि निकर अंगात चढवली की दुपारपर्यंत खाज ठरलेली. आता हॉलमध्ये पंख्याखाली दोरी बांधली आहे आणि आतले कपडे शिवणीवर इस्त्री फिरवूनच घालते. घरात पाहुणे आले की ती दोरी खटकते, पण मी ती काढत नाही. लेगिंग्ज सोडून सैल सुती सलवारी शिवून घेतल्या. ब्रा नीट माप देऊन घेतली. मी वर्षानुवर्षं एक माप लहान घालत होते आणि पट्टी घडीत रुतत होती.

सगळं सरळ रेषेत गेलं नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात डावीकडे पुटकुळ्या परत आल्या, तेव्हा क्लोट्रिमॅझोल लगेच सुरू केलं आणि दोन आठवड्यांत आवरलं. चट्टा दिसेनासा झाल्यावरही आठवडाभर लावत राहिले, जे मी पूर्वी कधीच केलं नव्हतं. जानेवारीत दाढेसाठी अँटिबायोटिक घ्यावं लागलं आणि पाचव्या दिवशी खाज, जांघेत लाली, अंगावरून दह्यासारखं पांढरं जाणं, सगळं एकदम. अँटिबायोटिक बुरशीला आवरून धरणारे चांगले जिवाणू मारतं. आता दातांच्या डॉक्टरांनाही मी आधीच सांगून ठेवते.

थंडीत कोपरं आणि डोकं वाढलं तेव्हा बायोलॉजिक इंजेक्शनांचा विषय निघाला. सेक्युकिनुमॅब, इक्सेकिझुमॅब ही औषधं शरीरातल्या आयएल-17 या संदेशवाहकाला रोखतात आणि सोरायसिस झपाट्याने उतरतो. पण तोच आयएल-17 कॅन्डिडाला थोपवण्याचं कामही करतो, त्यामुळे या औषधांवर तोंडात, घडीत, योनीत यीस्ट होण्याचं प्रमाण वाढतं. डॉक्टर म्हणाल्या, "म्हणून ती घ्यायचीच नाहीत असं नाही, बहुतेकदा बुरशी सौम्य असते आणि आवरते. पण तुमचा इतिहास मला माहीत असायला हवा." मी सध्या थांबले आहे. तुम्ही ही इंजेक्शनं घेत असाल आणि घड्या लाल होत असतील तर तो नवा सोरायसिस समजून स्टिरॉइड लावण्याआधी एकदा खरवडून तपासून घ्या. आणि चट्टा गरम, दुखरा होऊन वेगाने पसरायला लागला, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आज मेचा तिसरा आठवडा. डावा स्तन आणि दोन्ही जांघा मार्चपासून स्वच्छ आहेत. एचबीए1सी 5.8 वर आलं, त्यात रात्रीचा भात कमी केल्याचा आणि स्टेशनपर्यंत चालत जाण्याचा वाटा आहे. माकडहाडाजवळच्या घडीत एक चीर आहे, ती दहा महिन्यांत तीनदा भरली आणि तीनदा उलली. बसून काम करणाऱ्या माणसाला तिथे हवा कशी लागणार हे मला अजून सुटलेलं नाही. तिची केओएच तपासणी पुढच्या शनिवारी आहे. आईची दुसरी साडी काल फाडली, चोवीस पट्ट्या झाल्या, त्या उकळून दोरीवर टाकल्या आहेत.