कोअर अल्ट्राचा लॅपटॉप, सहा-सात महिन्यांनंतर: प्रोसेसर झकास, पण पोर्ट एकच

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. वॉरंटी अजून बाकी आहे आणि त्याच सर्व्हिस सेंटरच्या पायऱ्या परत चढायची वेळ येऊ शकते. मॉडेल १४ इंची, इंटेलचा कोअर अल्ट्रा ५ २२६व्ही प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ ची एसएसडी, एवढ्यावरून ज्यांना ओळखायचंय ते ओळखतीलच. बाकीचे स्पेक्स सगळ्यांना माहिती असतात, ते परत टाइप करत बसत नाही.

माझं काम अकाउंट्स आणि टॅक्सचं. टॅलीप्राइम (हिशेबाचं सॉफ्टवेअर), एक्सेल, क्रोममध्ये जीएसटी पोर्टलच्या पाच-सहा टॅब, झालं. गेम नाही, व्हिडिओ एडिटिंग नाही. जुना लॅपटॉप सातव्या जनरेशनचा आय५, चालत होता राव, फक्त विंडोज ११ त्याला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. लोकांची बँक खाती, पासवर्ड, रिटर्न सगळं त्याच्यात, म्हणून घ्यावाच लागला. घरचे म्हणत होते थांब, २२ सप्टेंबरनंतर जीएसटी कमी होतोय, स्वस्त मिळेल. अहो, मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आले, लॅपटॉप आधीपासून १८ मध्येच होता, तो तिथंच राहिला. उलट मला सप्टेंबरमध्येच घ्यायचा होता कारण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला की ४० टक्क्यांचा घसारा (आयकरात खर्च म्हणून वजा होतो तो) अर्धाच मिळतो. बिल ८२,६०० चं, आपला जीएसटी नंबर टाकून घेतलं, म्हणजे मूळ किंमत ७०,००० आणि १२,६०० चं क्रेडिट, तेवढा आपल्या जीएसटीतून वजा. धंद्यासाठी घेणाऱ्यांनी बिलावर नंबर टाकून घ्या रे, आमच्या नाशिकच्या एमजी रोडला निम्मे लोक घरच्या नावावर बिल फाडतात.

आता निवडायचा गोंधळ. पूर्वी बरं होतं, आठवं, दहावं, बारावं जनरेशन, पहिल्या एक-दोन आकड्यांवरून कळायचं. आता इंटेलचे २२५यू, २२५एच आणि २२६व्ही हे नावानं सख्खे भाऊ वाटतात आणि आत तिघंही वेगळे. यू आणि एच ॲरो लेक घराण्यातले पण त्यातही फरक आहे, आणि व्ही म्हणजे लूनार लेक, त्याची रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवलेली असते. व्हीमध्ये शेवटचा आकडा ६ असेल तर १६ जीबी, ८ असेल तर ३२, नंतर वाढवायचा विषयच नाही. वर आणखी एक, 'अल्ट्रा' शब्द नसलेला कोअर ५ २१०एच म्हणजे जुनं रॅप्टर लेकच, नवं नाव लावून. दुकानात सगळे एकाच रांगेत मांडलेले आणि पोरगा म्हणतो सर, सगळे लेटेस्टच आहेत.

एएमडीचं वेगळं नाही. ७५२०यू बघून वाटतं ७००० सिरीज म्हणजे नवीन, पण तिथं तिसरा आकडा बघायचा असतो, २ आहे म्हणजे झेन २, प्रोसेसरची आतली रचना जुनी. ७५३०यू झेन ३, आणि ७६४० मधला ४ म्हणजे झेन ४. मग रायझन एआय ३०० आली तेव्हा हे कोडंसुद्धा मोडीत काढलं. माझा भाचा पुण्यात हिंजवडीला असतो, तो म्हणे मामा, रायझन एआय घे, तुझ्या त्या इंटेलला आठच थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आहेत, साध्या बाराव्या जनरेशनच्या आय५-१२४५०एच लासुद्धा बारा होते. बरोबर आहे त्याचं, लूनार लेकमधून हायपरथ्रेडिंग (एका कोअरचे दोन थ्रेड करणं) काढलंय, ४ मोठे आणि ४ छोटे कोअर, बास. पण टॅलीला थ्रेड मोजायला कुठं वेळ आहे. त्याला एक कोअर जोरात पळणारा मिळाला की झालं.

स्नॅपड्रॅगनवाले, म्हणजे आर्म जातीच्या प्रोसेसरचे, मी पहिल्याच दिवशी बाद केले. बॅटरी चांगली असते म्हणतात, असेल. पण विंडोज ऑन आर्ममध्ये जुनी ॲप्स इम्युलेशनवर (मध्ये दुभाषा ठेवल्यासारखी) चालतात, ड्रायव्हर चालत नाहीत, ड्रायव्हर आर्मसाठीच बनवलेला लागतो. आमचं डीएससी टोकन (डिजिटल सहीचं, पेनड्राइव्हसारखं दिसणारं), बारा वर्षांचा लेझर प्रिंटर, ह्यांच्यासाठी कोण नवा ड्रायव्हर लिहीत बसणार? आणि मॅकवर टॅलीप्राइम थेट चालत नाही, विषय संपला.

ब्रँडमध्ये मी बघितलं ते फक्त कीबोर्ड आणि पोर्ट, कारण आतला माल सगळ्यांचा तोच असतो. असूसच्या काही मॉडेलला टचपॅडवरच नंबरपॅड उजळतो, दिसायला भारी, पण टॅलीत चारशे व्हाउचर, म्हणजे नोंदी, न बघता मारायची असतील तर बोटाला कळ जाणवली पाहिजे, काचेवर काय जाणवणार. त्यांच्या १६ इंची व्हिवोबुकला खरा नंबरपॅड आहे पण त्याच्या की अरुंद. थिंकपॅडचा कीबोर्ड आजही सगळ्यात गोड, फक्त वर्षानुवर्षं कोपऱ्यात कंट्रोलच्या जागी एफएन असायचं, २०२४ पासून नवीन मॉडेलमध्ये ते एकदाचं बदलायला लागलेत, जुन्यात बायोसमधून अदलाबदल करता येते. एचपीच्या मी पाहिलेल्या बऱ्याच मॉडेलला पॉवरचं बटण कीबोर्डातच, डिलीटच्या शेजारी, मला ते बघूनच धडकी भरते. डेलने जानेवारी २०२५ मध्ये इन्स्पिरॉन, एक्सपीएस ही नावं काढून डेल, डेल प्रो, डेल प्रो मॅक्स असं केलं आणि दुकानातल्या पोरालाच कळेना की इन्स्पिरॉनच्या जागी कुठला दाखवायचा. एसरला त्याच पैशात जास्त पोर्ट दिसत होते, पण जो पीस ठेवला होता त्याची स्क्रीन ४५ टक्के एनटीएससी, म्हणजे रंग कमी, एकदम विटलेली. इथं डोळ्यांचा विचार केला.

शेवटी हा घेतला आणि पहिले दोन-तीन महिने मी सगळ्यांना सांगत होतो, घ्या, डोळे झाकून घ्या. बॅटरीबद्दल तर मला विश्वासच नव्हता, बॉक्सवर लिहिलेले तास कधी खरे असतात का. पण खरंच, पिंपळगावला एक कांद्याचे व्यापारी क्लायंट आहेत, त्यांच्याकडे सकाळी जायचो, दुपारपर्यंत टॅली आणि एक्सेल, परत येऊन संध्याकाळी ऑफिसात पोर्टल, आणि चार्जर बॅगेतच. घरी झोपताना झाकण बंद करा, सकाळी उघडा, दोन-तीन टक्केच गेलेले असतात. जुना लॅपटॉप रात्रीत निम्मा व्हायचा. मेंटेनन्सच्या नावाखाली दिवसभर लाइट जाते तेव्हा मोबाइलचं हॉटस्पॉट लावून काम चालू, इन्व्हर्टरची गरज नाही. फॅन आहे हे विसरायला होतं. चार्जिंग टाइप-सी, त्यामुळे ६५ वॉटचा कुठलाही पीडी चार्जर चालतो. ह्या बाबतीत आजही माझं मत तेच आहे, एक शब्द मागे घेत नाही.

आता पोर्ट.

ह्या ८२,६०० च्या यंत्राला दोन थंडरबोल्ट ४ (टाइप-सी आकाराचे), एक एचडीएमआय, एक हेडफोन आणि यूएसबी-ए, म्हणजे आपला नेहमीचा चौकोनी पोर्ट, एक. फक्त एक! १४ इंचीला नंबरपॅड नसतो म्हणून मी बाहेरचा यूएसबी नंबरपॅड घेतला, त्याला एक ए पाहिजे. डीएससी टोकनला एक ए पाहिजे. माउसच्या डोंगलला एक ए पाहिजे. क्लायंट पेनड्राइव्हवर टॅलीचा बॅकअप आणतो, त्याला एक ए पाहिजे. कंपनीचे इंजिनिअर काय खातात काय माहीत, थंडरबोल्ट ४ म्हणे, ४० जीबीपीएस, माझ्या टोकनमध्ये अख्खी सही बसते ती काही केबीची, मी ४० जीबीपीएस घेऊन काय करू? लॅपटॉप अर्धा सेंटीमीटर जाड झाला असता तर कोणाचं काय गेलं असतं. टेबलावर हबचं, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणाऱ्या डबीचं, लोंबकाळणारं शेपूट. ब्लूटूथचा नंबरपॅड आणून बघितला तर तो थोडा वेळ हात लावला नाही की झोपतो, उठवायला पहिली की खातो, आणि ५४,३०० चे ४,३०० होतात. व्हाउचरमध्ये हे चालतं का सांगा.

हबवर टोकन लावलं की कधी दिसायचं, कधी नाही. म्हणून टोकन थेट ए मध्ये आणि बाकी सगळं हबवर, अशी व्यवस्था बसली. दिवसातून दहा वेळा टोकन काढा-घाला, कारण प्रत्येक क्लायंटच्या डायरेक्टरचं टोकन वेगळं. चार-पाच महिन्यांनी पोर्ट ढिला झाला. टोकन लावलं की लाइट लागायची, हात काढला की जायची. आणि पूर्ण मेला तो बरोबर २० तारखेला संध्याकाळी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बहुतेकांचं थ्रीबी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, २० ला असतं, प्रोप्रायटर असला तर ओटीपीवर भागतं, पण प्रायव्हेट लिमिटेडला डीएससीच लागते. सातपूरच्या एका कंपनीचं रिटर्न तयार, चलन भरलेलं, आणि ईएमसाइनर (पोर्टलवर डिजिटल सही करणारं सॉफ्टवेअर) म्हणतंय टोकन नाही. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, रक्कम मोठी नाही, पण क्लायंटला काय तोंड दाखवणार. असिस्टंटला गाडीवर एमजी रोडला पिटाळलं, त्याने शंभर रुपयांचं टाइप-सीचं कन्व्हर्टर आणलं, ते थंडरबोल्टमध्ये खोचलं आणि सही झाली. हो, ज्या पोर्टला मी वरच्या परिच्छेदात शिव्या घातल्या त्यानेच वाचवलं, ठीक आहे, मान्य. हबपेक्षा ते कन्व्हर्टर बरं निघालं, आजही तेच वापरतोय.

मग सर्व्हिस सेंटर. वॉरंटी चालू असताना मला वाटलं तासाभराचं काम. तिथल्या पोराने टॉर्च मारली, मोबाइलवर फोटो काढले आणि सांगितलं, सर फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही, बोर्ड बदलावा लागेल, अंदाजे ४१ हजार. एका चौकोनी भोकाचे ४१ हजार! कारण काय, तर प्रोसेसर आणि रॅम दोन्ही बोर्डावरच, बोर्ड बदलायचा म्हणजे अर्धा लॅपटॉप बदलायचा. लूनार लेकचं हे एक कोणी सांगत नाही, बॅटरीचे गोडवे सगळे गातात. म्हटलं पोर्टमध्ये पेनड्राइव्ह घालणं हे डॅमेज असेल तर पोर्ट दिलाय कशाला, दाखवायला? पोरगा बिचारा हसला, त्याच्या हातात काही नव्हतं.

घरी येऊन मी कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उतरवलं. हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं, लेनोवो, एचपी, डेल ह्यांची बऱ्याच मॉडेलची मॅन्युअल मोफत मिळतात, कुठला स्क्रू कुठे, कुठला पार्ट वेगळा मिळतो, सगळं चित्रासकट. माझ्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट होतं की यूएसबी-ए आणि हेडफोनचा जॅक एका छोट्या वेगळ्या बोर्डावर आहे, रिबन केबलने जोडलेला, मदरबोर्डाला हात लावायची गरजच नाही. त्या पानाची प्रिंट काढली, पार्टच्या नावाखाली लाल पेनने रेघ मारली, कंपनीला ईमेल टाकली आणि १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवून तिचा नंबर त्याच ईमेलमध्ये घातला. पार्ट मुंबईहून येणार म्हणून दोन-अडीच आठवडे गेले, मध्ये दोनदा 'सर आज पक्का' झालं, सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खोदलेले, प्रत्येक फेरीला अर्धा तास नुसता ट्रॅफिकमध्ये. पण छोटा बोर्ड बदलून मिळाला, वॉरंटीत, एक रुपया न घेता. मॅनेजर वर मलाच म्हणाला, सर तुम्ही आधीच नीट सांगायचं ना. ह्याला काय बोलणार.

रॅमबद्दल माझं मत मात्र आता बदललंय. घेताना १६ जीबी आणि वाढवता येत नाही ह्याचा मला फार राग होता. टास्क मॅनेजरमध्ये टॅली, एक्सेल, क्रोम मिळून अकरा-बाराच्या पुढे क्वचित जातं, म्हणजे माझ्या कामाला पुरतं. आणि माझ्या मित्राने, तोही टॅक्सवालाच, ८ जीबीचा स्लॉटवाला घेतला, नंतर स्वस्तात टाकू म्हणून. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे चढले की त्याने एमजी रोडला भाव विचारला आणि नुसता चहा पिऊन परत आला. अजून ८ वरच आहे. हां, व्हर्च्युअल मशीन वगैरे करणाऱ्यांनी हा घेऊ नका, त्यांना १६ कमीच पडेल.

बाकी बारीकसारीक. एनपीयू (प्रोसेसरमधला एआयच्या कामाचा भाग) ४० टॉप्सचा आहे म्हणे, व्हिडिओ कॉलला मागचं कपाट धूसर करतो, बाकी त्याने माझं एकही व्हाउचर टाकलेलं नाही. उजव्या कंट्रोलच्या जागी कोपायलटची (मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनिसाची) की आहे, टॅलीत कंट्रोल ए मारायला उजवा हात गेला की खिडकी उघडते, सेटिंगमधून ती सर्चला जोडून ठेवली, निदान त्रास कमी. टॅलीतल्या एफ५ ते एफ९ साठी एफएन दाबावं लागत होतं, एफएन आणि एस्केप एकत्र दाबून लॉक केलं. स्पीकर ठीक, कॅमेरा ठीक.

आता असिस्टंटसाठी दुसरा घ्यायचाय. ह्या वेळी १६ इंची, खरा नंबरपॅड, निदान दोन ए पोर्ट, प्रोसेसर २२५एच किंवा रायझन २०० सिरीज, काहीही चालेल, त्याला लॅपटॉप घेऊन पिंपळगावला जायचं नसतं, टेबलावर प्लग लावूनच बसायचंय. ऑनसाइट वॉरंटी (माणूस ऑफिसात येतो ती) लिहून घेणार, सेंटरला घेऊन जायची कॅरी-इन नको, भले दोन-तीन हजार जास्त जाऊ देत. दुकानात जाताना खिशात टोकन आणि मोबाइलमध्ये मॅन्युअल. परवा कॉलेज रोडला एका दुकानात डेमो पीसला मी टोकन लावून हलवून बघत होतो तर तो म्हणाला, काका, असं कोणी बघत नाही, लोक स्क्रीन बघतात. त्याला म्हटलं बघू दे, दुसऱ्या बाजूचा पोर्टपण दाखव.