भिंतीवरची यादी: आमच्या गावच्या ऑनलाइन सेवा केंद्राबद्दल

उत्तर सोलापूर तालुक्यातल्या आमच्या गावात एसटी थांब्याला लागून पत्र्याचं एक ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, आठ-अ (जमिनीचे उतारे), पीकविमा, पीएम-किसान (शेतकऱ्यांना वर्षाला 6000 रुपये देणारी केंद्र सरकारची योजना), सगळी कामं तिथंच होतात. ते चालवणारा पोरगा कामाला चोख आहे, पण मी लिहितोय ते कोरोनातल्या एका गोष्टीसाठी.

2020 चा एप्रिल. एसटी बंद, मार्केट यार्डाचा भरवसा नाही. द्राक्षाला गिऱ्हाईक नाही म्हणून कित्येकांनी माल बेदाण्याला घातला. अशात लोकांच्या मोबाईलवर 2000 जमा झाल्याचे मेसेज यायला लागले. गावात एकच बोलणं, कोरोनाची मदत आली. शेजाऱ्यांना आली, आमच्या अण्णांना नाही. कुणी म्हणे वरून नाव कापलं, कुणी म्हणे वशिल्यानं घातली. भाऊकीत बोलणं बंद व्हायची वेळ आली.

या पोरानं पीएम-किसानच्या साइटवर राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडून आमची लाभार्थी यादी काढली आणि पानं चिकटपट्टीनं बाहेरच्या भिंतीला लावली. शेजारी स्केचपेननं लिहिलं की हे 2000 वेगळे नाहीत, वर्षाच्या 6000 मधलाच हप्ता आहे, 26 मार्चच्या घोषणेनुसार लवकर दिलाय. जनधन खातं असलेल्या बायकांना तीन महिने 500 मिळणार, तेही खाली लिहिलं. एवढं सरळ आम्हाला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं.

तोंडाला रुमाल बांधून माणसं एकेक करून यायची, बोट फिरवत वाचायची. दोन वर्षांपूर्वी वारलेल्या एकाचं नाव निघालं. एक नोकरदार, आयकर भरणारा. नियमात बसत नाही हे त्यालाही ठाऊक होतं, त्यानं पैसे परत करायचं काय ते स्वतःच विचारलं. बटईनं पाच एकर कसणारा एकजण पहिल्यापासून शेवटपर्यंत यादी वाचून थांबला. पोरगा बाहेर आला, म्हणाला, "मामा, जमीन ज्याच्या नावावर त्यालाच मिळतंय. तुम्ही शोधू नका." मामांनी पानाचा सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला आणि गेले. मला अजून ते दिसतंय.

अण्णांचं नाव यादीत होतं! म्हणजे कुणी कापलं नव्हतं. आधारवर पूर्ण नाव आणि पासबुकात घरचं हाक मारायचं नाव, तिथं अडकलं होतं. पोरानं दुरुस्ती भरून दिली, पुढं बँकेत तीन खेटे झाले, मग पैसे आले.

यादीत एक उणीव आहे. नाव कळतं, किती हप्ते मिळाले, कुणाचा का थांबला, ते ज्याचं त्यालाच वेगळं तपासावं लागतं. माहिती अधिकार कायदा 2005 चा आहे, त्याच्या कलम 4 मध्ये अनुदानाच्या योजनांची रक्कम आणि लाभार्थी सरकारी कार्यालयांनी आपणहून जाहीर करावेत असं आहे. मग दर हप्त्याला रकमेसकट यादी चावडीवर लागलीच पाहिजे. खातं क्रमांक, मोबाईल नंबर नकोत, पण नाव आणि रक्कम हवी. पैसा सगळ्यांचा आहे. एका पोरानं पदरचा कागद का घालावा?

केंद्राबद्दल तक्रार एकच होती, दरपत्रक नव्हतं आणि पावती मागितल्याशिवाय मिळायची नाही. मी म्हटलं, सरकारची यादी लावलीस, आता तुझीही लाव. दुसऱ्या दिवशी लावली. तेव्हापासून पावतीही देतो.

पाचपैकी साडेचार. सकाळी दहाच्या आत जा, दुपारी लाइट जाते. आधार, पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल बरोबर न्या, ओटीपी त्याच्यावरच येतो.