मालमत्ता कळते, मत कळत नाही : लोकसभेच्या उमेदवाराची ओळख करून देणाऱ्या तीन सेवांचे परीक्षण

लोकसभा निवडणुकीत उमेदवारांची यादी पक्की झाल्यापासून प्रचाराचे भोंगे थांबेपर्यंत मतदाराच्या हाती फार थोडे दिवस उरतात. २०२४ च्या निवडणुकीत महाराष्ट्रातील शेवटच्या, म्हणजे देशातील पाचव्या टप्प्यात अर्ज मागे घेण्याची मुदत ६ मे रोजी संपली आणि १८ मेच्या संध्याकाळी प्रचार थांबला. मुंबई, ठाणे, नाशिक, धुळे या पट्ट्यातील मतदाराला आपल्यासमोर नेमके कोण उभे आहे आणि त्याचे म्हणणे काय आहे, हे पारखण्यासाठी जेमतेम बारा दिवस मिळाले. या काळात घरबसल्या आणि एक रुपयाही न मोजता वापरता येतील अशा तीन सेवा उपलब्ध आहेत : निवडणूक आयोगाचे ‘नो युवर कँडिडेट’ हे ॲप आणि त्याला जोडलेले प्रतिज्ञापत्रांचे पोर्टल, असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स अर्थात एडीआर या संस्थेचे ‘मायनेता’ हे संकेतस्थळ, आणि संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेचा ‘एमपी ट्रॅक’ हा विभाग. कांद्याची निर्यात, रखडलेला महामार्ग, उसाची एफआरपी (कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर), आरक्षण अशा स्थानिक आणि राष्ट्रीय प्रश्नांवर उमेदवाराची भूमिका काय, एवढाच प्रश्न समोर ठेवून या तिन्ही सेवांचे परीक्षण येथे केले आहे.

आयोगाचे ॲप २०२२ च्या सुरुवातीला, पाच राज्यांच्या विधानसभा निवडणुकांच्या वेळी आले. त्याचे लघुरूप ‘केवायसी’ असल्यामुळे अनेकांना आधी बँकेतील कागदपत्रेच आठवतात. पण हेतूही तसा फारसा वेगळा नाही. निवडणूक, राज्य आणि मतदारसंघ निवडला की उमेदवारांची छायाचित्रांसह यादी येते, कोणाचा अर्ज वैध ठरला, कोणाचा बाद झाला आणि कोणी माघार घेतली हे दिसते, आणि गुन्हेगारी पार्श्वभूमी आहे की नाही हे नावासमोरच स्पष्ट लिहिलेले असते. नावावर बोट ठेवले की प्रतिज्ञापत्र उघडते. मे २०२५ मध्ये आयोगाने आपली चाळीस-एक ॲप्स आणि संकेतस्थळे ‘ईसीआयनेट’ या एकाच मंचावर आणण्याचे जाहीर केले. मतदाराने कोणत्या कामासाठी कोणते ॲप उघडावे हा गोंधळ मोठा असल्याने हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल.

या सेवेचा गाभा म्हणजे ते प्रतिज्ञापत्र, अर्थात नमुना २६. ते शेवटपर्यंत वाचण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. वाचले तर मात्र माणूस त्यात गुंततो. मुद्रांक कागदावर टंकलिखित केलेला मजकूर, प्रत्येक पानावर सही आणि नोटरीचा गोल शिक्का. पहिल्या पानावर नाव, पत्ता, पक्ष. मग पॅन क्रमांक आणि मागील पाच वर्षांचे प्राप्तिकर विवरणपत्रातील उत्पन्न, तेही स्वतःचे, जोडीदाराचे, हिंदू अविभक्त कुटुंबाचे आणि अवलंबून असणाऱ्यांचे वेगवेगळे. पुढे प्रलंबित खटल्यांचा तक्ता येतो : गुन्ह्याची नोंद कोणत्या पोलीस ठाण्यात झाली, कलमे कोणती, आरोप निश्चित झाले की नाही. त्यानंतर हातातील रोकड, ठेवी, समभाग, विमा, वाहने, दागिन्यांचे वजन आणि किंमत, शेतजमिनीचा गट क्रमांक, क्षेत्रफळ आणि चालू बाजारभाव, बँकेची कर्जे, सरकारी थकबाकी, उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारी कंत्राटे असा सगळा संसार ओळीने मांडलेला असतो. ज्या रकान्यात सांगण्यासारखे काही नसते तेथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहिलेले आढळते. रकाना कोरा ठेवता येत नाही. कारण कोरे रकाने सोडलेले प्रतिज्ञापत्र उमेदवाराने सूचना मिळूनही पूर्ण केले नाही तर अर्ज फेटाळता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे.

एवढ्या तपशिलात उमेदवाराच्या विचारांविषयी एकही रकाना नाही. त्याच्या मतांपर्यंत नेणारी एकच ओळ त्यात सापडते आणि ती सुरुवातीलाच, दूरध्वनी क्रमांक आणि ई-मेलच्या शेजारी असते : उमेदवाराच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची. प्रचाराच्या धामधुमीत एकाच नावाची दहा खाती फिरत असताना, उमेदवाराने शपथेवर ‘हे माझे’ म्हणून सांगितलेले खाते कोणते, हे कळणे मोलाचे आहे. ही ओळ वापरणारे मतदार फारसे दिसत नाहीत. वास्तविक, उमेदवार काय बोलतो हे पाहायचे असेल तर शोध तेथूनच सुरू करायला हवा.

नमुना २६ असा का आहे याचे उत्तर त्याच्या जन्मकथेत आहे. एडीआरची स्थापना १९९९ मध्ये अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील काही प्राध्यापकांनी केली आणि त्याच वर्षी त्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ च्या निकालात उमेदवाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी, मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला. संसदेने लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ३३-ब घालून तो बोथट करण्याचा प्रयत्न केला. मार्च २००३ मध्ये न्यायालयाने ते कलम रद्द ठरवले. पुढे फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने उत्पन्नाचे स्रोत उघड करणे बंधनकारक झाले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील निकालाने गुन्ह्यांची माहिती वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांवरून प्रसिद्ध करण्याचे बंधन आले. ही सारी लढाई गुन्हेगारी आणि पैसा यांच्याविरुद्ध होती. ती लढलेल्यांचे ऋण मान्य करूनच सांगावेसे वाटते की, माहितीच्या हक्काची वाट तेथेच थांबली आणि उमेदवाराच्या धोरणात्मक भूमिकेपर्यंत पोहोचलीच नाही.

‘मायनेता’ हे या प्रतिज्ञापत्रांचेच सुबक रूप आहे. स्कॅन केलेल्या प्रतीमध्ये आकडे शोधत बसण्याऐवजी येथे तक्ते तयार मिळतात. मतदारसंघातील सर्व उमेदवारांची मालमत्ता, खटले आणि शिक्षण एका नजरेत ताडून पाहता येते, आणि पुन्हा उभ्या राहिलेल्या खासदाराच्या मालमत्तेत किती वाढ झाली हेही कळते. वापरण्याच्या सोयीपुरते बोलायचे तर तिन्ही सेवांत ही सर्वांत सरस. परंतु मूळ कागदात जे नाही ते तक्त्यात कोठून येणार?

आयोगाच्या ॲपचा एक उपयोग मात्र जितका सांगितला जातो त्याहून मोठा आहे. २०१४ मध्ये रायगडमध्ये अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा सुमारे दोन हजार मतांनी पराभव केला, तेव्हा तटकरे यांच्याच नावाच्या एका अपक्षाला नऊ हजारांहून अधिक मते पडली होती. मे २०१५ पासून मतदान यंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र आले, तरी हा प्रकार संपला नाही. २०२४ मध्ये दिंडोरीत राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरदचंद्र पवार पक्षाचे भास्कर भगरे एक लाखाहून अधिक मतांनी निवडून आले खरे, पण बाबू भगरे या अपक्षालाही त्यांच्याशी मिळत्याजुळत्या आडनाव-चिन्हावर एक लाखाहून अधिक मते मिळाली. मतदानाच्या आदल्या रात्री पाच मिनिटे ॲप उघडून चेहरा, पूर्ण नाव आणि पक्ष पाहून ठेवले तर एवढी चूक टळू शकते.

दिंडोरीचा उल्लेख आलाच आहे तर आपला मूळ प्रश्न तेथेच लावून पाहू. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती ४ मे २०२४ रोजी, दिंडोरी-नाशिकच्या मतदानाला दोन आठवडे राहिले असताना, टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यात शुल्क अशा अटींवर उठवली. लासलगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजार समित्यांमध्ये त्या उन्हाळ्यात दुसरा विषय नव्हता. स्थानिक प्रश्न आणि राष्ट्रीय धोरण यांची गाठ इतकी घट्ट क्वचितच पडते : भाव कोसळतो तो निफाड-चांदवडमध्ये, निर्णय होतो तो दिल्लीत. अशा वेळी उमेदवाराला विचारायचे प्रश्न अगदी नेमके असतात. निर्यातबंदी हे हत्यार सरकारकडे असावे की नसावे? शहरातील ग्राहकाला दिलासा द्यायचा तर त्याची किंमत कोणी मोजायची? पक्षाची भूमिका शेतकऱ्याच्या विरोधात गेली तर तुम्ही सभागृहात काय कराल?

या प्रश्नांसाठी तिसरी सेवा, म्हणजे पीआरएसचा ‘एमपी ट्रॅक’, अधिक जवळची वाटते. विद्यमान खासदाराची हजेरी, विचारलेले प्रश्न, चर्चांतील सहभाग आणि खासगी (म्हणजे सरकारने नव्हे, खासदाराने स्वतः मांडलेली) विधेयके यांची नोंद येथे राज्याच्या आणि देशाच्या सरासरीशेजारी ठेवलेली असते. पण दिंडोरीच्या तत्कालीन खासदार भारती पवार जुलै २०२१ पासून केंद्रात राज्यमंत्री होत्या. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत आणि प्रश्नही विचारत नाहीत. त्यामुळे कांद्याचा प्रश्न पेटला त्या काळातील त्यांची भूमिका प्रश्नांच्या नोंदीतून कळण्याचा मार्गच नव्हता. त्यांचे प्रतिस्पर्धी भगरे हे पेशाने शिक्षक आणि लोकसभेला नवे, त्यामुळे त्यांची तेथे नोंद असण्याचा प्रश्नच नव्हता. मतदाराला भूमिका जाणून घेण्याची निकड सर्वाधिक होती त्या मतदारसंघात तिन्ही सेवा मुक्या राहिल्या, आणि लोकांनी मग बाजार समितीच्या आवारातील बोलण्यावर आणि प्रचारसभांतील टाळ्यांवर आपले मत बनवले.

खासदार मंत्री नसेल आणि पुन्हा उभा असेल तर पीआरएसची नोंद उपयोगी पडते. मात्र आकड्यांवर थांबू नये. पाचशे प्रश्न विचारले म्हणजे भूमिका आहे असे नव्हे. लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न घेतले जातात आणि त्यांतील बरेचसे ‘अमुक योजनेत किती निधी दिला’ या साच्यातले असतात. संसदेच्या संकेतस्थळावर जाऊन खासदाराने नियम ३७७ खाली, म्हणजे मतदारसंघाचा एखादा प्रश्न सभागृहापुढे मांडण्यासाठी, केलेली निवेदने आणि चर्चेतील भाषणे वाचली तर पाण्याचा, रेल्वेचा, महामार्गाचा कोणता प्रश्न त्याने खरोखर लावून धरला हे अर्ध्या तासात उमगते.

राष्ट्रीय प्रश्नांबाबत अडचण आणखी खोल आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेशाविरुद्ध मत दिल्यास सदस्यत्व जाऊ शकते, आणि बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात; तेव्हा कोणी कशाच्या बाजूने हात वर केला याची नोंदच राहत नाही. जेथे मतविभागणी होते तेथे चित्र एकदम स्वच्छ दिसते. २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाचे विधेयक लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झाले. विरोधातील दोघांपैकी एक होते औरंगाबादचे तत्कालीन खासदार इम्तियाज जलील. इतर मागासवर्गीय आणि मुस्लिम महिलांसाठी स्वतंत्र वाटा नसल्याबद्दल त्यांच्या पक्षाचा आक्षेप होता. त्यांची भूमिका पटो वा न पटो, पुढच्या निवडणुकीत मतदार ती हातात धरून प्रश्न विचारू शकत होता. इतर किती खासदारांविषयी असे म्हणता येईल?

दुसरी उणीव तिन्ही सेवांत सारखीच आहे : खासदाराचे काम कोणते, हे त्या सांगत नाहीत. गल्लीतील गटारे महापालिकेची, शाळेची इमारत जिल्हा परिषदेची, एफआरपी मात्र केंद्राची. मुंबई-गोवा महामार्ग केंद्राचा, कोकणातील गावरस्ता नाही. वर्षाला ५ कोटी रुपयांच्या खासदार निधीतून समाजमंदिर उभे राहते, धरण नव्हे. हा फरक ठाऊक नसला की लोकसभेचा उमेदवार नगरसेवकासारखी आश्वासने देतो आणि आपणही ती ऐकून घेतो.

उमेदवाराचे मत नोंदवून घेणे अशक्य आहे असे मात्र नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००३ पासून ‘स्मार्टव्होट’ ही सेवा उमेदवारांकडून विस्तृत प्रश्नावली भरून घेते. मतदार तीच प्रश्नावली भरतो आणि कोणाशी आपले किती जुळते हे त्याला दिसते. जर्मनीतील ‘वाल-ओ-माट’ २००२ पासून हेच काम, अलीकडे अडतीस विधानांच्या आधारे, पक्षांच्या पातळीवर करते. ब्रिटनमध्ये संसदेच्या उमेदवाराला आपले निवेदन एकदा विनामूल्य टपालाने मतदारसंघात पाठवण्याचा हक्क आहे. आपल्याकडे जाहीरनामे निघतात ते पक्षांचे, मग त्यांना संकल्पपत्र म्हणा, न्यायपत्र म्हणा, वचननामा म्हणा किंवा शपथपत्र. धुळ्याच्या आणि दक्षिण मुंबईच्या उमेदवाराच्या हाती एकच पुस्तिका असते.

नमुना २६ मध्ये बदल करायचा तर केंद्र सरकारला १९६१ च्या निवडणूक नियमांत दुरुस्ती करावी लागेल, आणि ती कोणता पक्ष आपणहून करील असे दिसत नाही. पण आयोगाच्या ॲपमध्ये छायाचित्राच्या आणि प्रतिज्ञापत्राच्या खाली, उमेदवाराने इच्छा असल्यास भरावे असे एका पानाचे निवेदन जोडता येईल, असे आम्हाला वाटते : मतदारसंघातील तीन प्रश्न, देशापुढील तीन प्रश्न आणि त्यावर आपण संसदेत काय करणार. ज्याने ते भरले नाही त्याच्या नावासमोर ‘निरंक’ लिहिता येईल. तोवर नाव आणि चेहरा ओळखण्यासाठी आयोगाचे ॲप, पैसा आणि खटले ताडण्यासाठी ‘मायनेता’, आणि विद्यमान खासदाराला जाब विचारण्यासाठी पीआरएसबरोबर संसदेचे संकेतस्थळ, अशी वाटणी करून ही साधने वापरावीत. नव्या उमेदवाराच्या बाबतीत मात्र सभेत हात वर करून थेट प्रश्न विचारण्याला अजून तरी पर्याय नाही.