उघडी शेड की बंदिस्त? आणि मरतुकीचं काय करायचं?

कोंबड्यांच्या शेडची चर्चा बहुतेक वेळा पत्र्यापासून सुरू होते आणि पंख्यांच्या संख्येवर संपते. त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारून घ्या: भर दुपारी वीज गेली तर पुढच्या अर्ध्या तासात शेडमध्ये काय होईल? उघड्या शेडमध्ये फार तर पंखे थांबतील, वारा येतच राहील. बंदिस्त शेडमध्ये वजनाला आलेले ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेले पक्षी, असतील, तर तेवढ्या वेळात मेलेल्यांचा सडा पडू शकतो. म्हणून उघडी शेड सरस ठरते असं नाही, पण दोन्हींचा हिशेब इथून सुरू होतो.

कोंबडीला घाम येत नाही. शरीराचं तापमान ४१ अंशांच्या पुढे, त्यावर पिसांचं पांघरूण. उन्हाळ्यात उष्णता बाहेर टाकायची तर चोच उघडून धापा टाकायच्या, हाच तिचा मोठा आधार. या धापांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको तितका निघून जातो. उन्हाळ्यात अंड्याचं कवच पातळ पडतं, त्याचं एक मोठं कारण हेच. आणि हवा आधीच दमट असेल तर धापांचाही फारसा उपयोग होत नाही.

उघड्या शेडचं यश बांधकामातच ठरतं. रुंदी १० ते १२ मीटरच्या आत, लांबी पूर्व-पश्चिम, आढ्याला गरम हवा निघून जायला जागा. पडदा खालच्या कडेला पक्का हवा आणि उघडायचा वरून खाली, म्हणजे पिलांच्या अंगावर थेट झोत येत नाही. शेड जास्त रुंद केली की मधल्या पट्ट्यात वारा पोचत नाही; मग कितीही पंखे टांगा, तीच हवा फिरत राहते. फॉगर, म्हणजे पाण्याचे बारीक तुषार सोडणारे नोझल, लावायचे तर हवा हलती असतानाच चालवा. थेंब मोठे असतील तर हवा गार होण्याऐवजी लिटर, म्हणजे जमिनीवरचं भुशाचं अंथरूण, भिजतं.

बंदिस्त शेडमध्ये एका टोकाला पाण्याने ओला ठेवलेला, हवा गार करणारा पॅड आणि दुसऱ्या टोकाला एक्झॉस्ट पंखे असतात. हवा सेकंदाला अडीच-तीन मीटर वेगाने पक्ष्यांवरून जाते. अनेकांना वाटतं की गारवा पॅडमुळेच येतो. तसं नाही, निम्मं काम वाऱ्याचा वेग करतो. पॅड किती गार करेल ते बाहेरच्या हवेवर ठरतं. बाहेर ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर चांगला पॅड हवा साधारण २७ अंशांपर्यंत उतरवतो. तोच पॅड ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत जेमतेम साडेतीन अंश कमी करतो, वर आत येणारी हवा नव्वदीच्या पुढे दमट करून ठेवतो. दमट भागात पैसा आधी पंख्यांवर घाला, पॅडवर नंतर. आणि मोठ्या पक्ष्याला सुखावणारा हाच वेग लहान पिलाला गारठवतो, हेही विसरू नका.

माझं मत विचाराल तर कोरडी-उष्ण हवा, मोठी बॅच आणि आपोआप सुरू होणारा, भार टाकून नियमित तपासलेला जनरेटर, हे तिन्ही असेल तरच बंदिस्त शेड. यातला जनरेटर वगळायचा विचार असेल तर उघडी शेड बांधा आणि पक्ष्यांची दाटी कमी ठेवा.

थंडीत मात्र दोन्हीकडे चूक एकच होते: ऊब टिकवायची म्हणून सगळं बंद करणं. विष्ठेतून निघणारा अमोनिया वायू २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) खाली ठेवायचा असतो. शेडमध्ये रोज वावरणाऱ्याच्या नाकाला त्याची सवय होते आणि वास येईनासा होतो. टायमरवर पंखा थोडा थोडा वेळ चालू ठेवावाच लागतो.

आता मरतूक, म्हणजे मेलेल्या पक्ष्यांची विल्हेवाट. खड्डा सगळ्यांत सोपा, पण भूजल वर असेल तिथे तो पाण्यात घाण मिसळतो आणि हवा नसल्याने पक्षी वर्षानुवर्षं तसेच राहतात. भट्टी झटपट आणि निर्धोक, पण इंधन खाते आणि नीट जळलं नाही तर धूर-वासाची तक्रार येते. रोजच्या मरतुकीला मला कंपोस्टच पटतं, कारण त्याला लागणारा माल, म्हणजे जुनं लिटर, फार्मवरच असतो.

छप्पर आणि पक्की जमीन असलेला कप्पा घ्या. तळाला फूटभर कोरडं लिटर किंवा भुसा, त्यावर पक्ष्यांचा एकच थर, भिंतीपासून वीतभर आत, मग पक्ष्यांच्या दुप्पट-तिप्पट लिटर आणि बेताचं पाणी. मूठ दाबली तर ओल लागावी, पाणी गळू नये. आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांवर गेलं पाहिजे आणि ५५ च्या वर सलग तीन दिवस तरी टिकलं पाहिजे. वास येतोय म्हणजे ओल जास्त किंवा वरचा थर पातळ. तापमान उतरलं की ढीग दुसऱ्या कप्प्यात उलटा, तो पुन्हा तापतो.

कप्प्याचं माप शेवटच्या आठवड्यावर धरा. दहा हजार पक्षी, दोन किलो वजन, रोज हजारी एक मर धरली तर दिवसाला २० किलो. पंखे बंद पडून तीनशे गेले तर एकाच दिवसात ६०० किलो, आणि नेहमीचा कप्पा तिथेच संपतो. अशा दिवसासाठी कोरड्या लिटरचा ढीग कायम राखून ठेवा.

मर अचानक आणि कारण न कळता वाढली, तर मात्र कप्प्यालाही हात लावू नका. आधी पशुवैद्यकाला कळवा, मेलेले पक्षी जागेवरच राहू द्या.