एलएनके३०४ : ३२५ व्होल्टवरून १२ व्होल्टवर उतरणारी छोटी आयसी

एखाद्या टायमरमधील रिले आणि मायक्रोकंट्रोलर चालवण्यासाठी १२ व्होल्ट दाबाने जास्तीत जास्त १०० मिलिअँपिअर, म्हणजे जेमतेम १.२ वॅट वीज पुरते. तेवढी वीज २३० व्होल्टच्या पुरवठ्यातून काढायची म्हटले की अडचण सुरू होते, कारण एसीचे डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतरच्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट एकदिश (डीसी) दाब उभा असतो आणि त्यातले ३१३ व्होल्ट कुठेतरी जिरवावे किंवा टाळावे लागतात. जादा दाब उष्णतेत घालवणाऱ्या लिनियर रेग्युलेटरने ते जिरवले, तर १.२ वॅटच्या कामासाठी ३१ वॅट उष्णता होईल. कपॅसिटर ड्रॉपर (पुरवठ्याशी ओळीने जोडलेल्या कपॅसिटरने प्रवाह मर्यादित ठेवण्याची युक्ती) स्वस्त आणि सुटसुटीत असतो, पण १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून ५० हर्ट्झला ७० मिलिअँपिअरच्या आसपासच प्रवाह मिळतो, रिले बंद असताना तोच प्रवाह दाब १२ व्होल्टवर धरून ठेवणाऱ्या झेनर डायोडला तापवत राहतो आणि काही वर्षांत फिल्म कपॅसिटरची धारकता घटली की रिले ओढेनासा होतो. या पार्श्वभूमीवर पॉवर इंटिग्रेशन्सच्या लिंकस्विच-टीएन मालिकेतील एलएनके३०४ ही आयसी मी अनेक बोर्डांवर वापरली आहे आणि तिच्याविषयी माझे मत एकंदरीत अनुकूल आहे.

या आयसीत ७०० व्होल्ट सहन करणारा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), ६६ किलोहर्ट्झचा ऑसिलेटर, प्रवाहमर्यादा आणि स्वतःला सुरू करण्याची सोय हे सर्व एकाच वेष्टणात आहे. ८५ ते २६५ व्होल्टपर्यंतच्या प्रत्यावर्ती (एसी) पुरवठ्यावर ती चालते आणि बक जोडणीत (स्विच व इंडक्टर वापरून दाब उतरवणाऱ्या रचनेत) १२० ते १७० मिलिअँपिअर देऊ शकते. मला तिची सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे नियंत्रणाची पद्धत. ३२५ व्होल्टवरून १२ व्होल्टवर उतरताना ड्युटी सायकल (स्विच चालू राहण्याचा वाटा) चार टक्क्यांहूनही कमी, म्हणजे प्रत्येक आवर्तनात जेमतेम अर्धा मायक्रोसेकंद उरते. आणि भार घटत गेला की इतक्या अरुंद स्पंदाची रुंदी अचूकपणे आणखी कमी करत नेणे कठीण असते. ही आयसी त्या फंदात पडत नाही. प्रत्येक स्पंद ठरलेल्या प्रवाहमर्यादेपर्यंत जाऊ द्यायचा आणि गरज नसेल तेव्हा तो संपूर्णच गाळायचा, एवढेच ती करते. त्यामुळे नियंत्रण स्थिर ठेवण्यासाठी लागणारे भरपाईचे रेझिस्टर-कपॅसिटर बसवावे लागत नाहीत आणि भार कमी झाला की स्विचिंगमधील व्ययही आपोआप घटतो.

मात्र आउटपुटचा दाब ती थेट पाहत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. आयसीच्या सोर्सचा (मॉस्फेटच्या बाहेर जाणाऱ्या टोकाचा) दाब वर-खाली होत असल्यामुळे, स्विच बंद झाल्यावर इंडक्टरचा प्रवाह त्याला वाट देणाऱ्या फ्रीव्हीलिंग डायोडमधून वाहत असताना दुसरा एक डायोड छोट्या कपॅसिटरवर आउटपुटची नक्कल भरून ठेवतो आणि आयसी तीच नक्कल वाचते. भार अगदी कमी असला की ही नक्कल मूळ दाबाशी जुळेनाशी होते आणि आउटपुट १२ व्होल्टच्या बराच वर चढतो. म्हणून आउटपुटवर ३.३ किलोओहमचा रेझिस्टर कायम ठेवावा लागतो. तो एकटाच सुमारे ४४ मिलिवॅट खातो, आणि बिनभार वापर मिलिवॅटमध्ये मोजणाऱ्यासाठी ही किंमत लहान नाही. नक्कल साठवणाऱ्या कपॅसिटरपासून बायपास पिनला (आयसीच्या स्वतःच्या पुरवठ्याच्या पायाला) एक रेझिस्टर जोडून आयसीला बाहेरून बायस, म्हणजे चालण्यापुरता प्रवाह दिला, तर तिचा स्वतःचा वापर स्पष्टपणे कमी होतो. हा एक रेझिस्टर कोणीही वगळू नये असे मला वाटते.

पहिल्या बोर्डावर माझ्याकडून चूक झाली ती फ्रीव्हीलिंग डायोडच्या निवडीत. हाताशी होता म्हणून वन-एन-४००७ लावला. दाबाच्या दृष्टीने तो पुरेसा होता, परंतु तो बंद व्हायला काही मायक्रोसेकंद लागतात आणि तेवढ्यात मॉस्फेट पुन्हा चालू झाला की प्रवाहाचा मोठा झटका थेट आयसीतून जातो. आयसी असह्य तापली आणि आउटपुट उभाच राहिला नाही. यूएफ-४००५ बसवल्यावर तोच बोर्ड शांतपणे चालू लागला. प्रवाह इंडक्टरमध्ये अखंड राहावा अशी रचना असेल, तर याहूनही वेगवान, ३५ नॅनोसेकंदांच्या आत बंद होणारा डायोड घ्यावा लागतो. इंडक्टर १ मिलिहेन्रीचा चालतो, पण त्याचा संपृक्त प्रवाह (ज्याच्या पुढे गाभा चुंबकत्वाने भरून इंडक्टर निकामी ठरतो तो) आयसीच्या प्रवाहमर्यादेपेक्षा वर असला पाहिजे. केवळ १०० मिलिअँपिअर हवेत म्हणून त्याच मापाचा इंडक्टर घेणे चुकीचे ठरते.

पीसीबीच्या (छापील सर्किट बोर्डाच्या) आखणीत एक खराखुरा पेच आहे. उष्णता सोर्सच्या पायांतून बाहेर पडते, म्हणून तिथे तांबे भरपूर हवे. पण बक जोडणीत तोच भाग ३२५ व्होल्टने उसळत असतो, म्हणून विद्युतचुंबकीय त्रास टाळण्यासाठी तिथे तांबे कमी हवे. मी थंडपणाला थोडे झुकते माप देतो आणि त्रासाचा बंदोबस्त पुरवठ्याच्या बाजूला इंडक्टर व दोन कपॅसिटरांच्या गाळणीने करतो. कमी भारावर स्पंद गाळले गेले की इंडक्टरमधून बारीक आवाज येऊ शकतो; टायमरच्या पेटीत तो कानावर येत नाही, उशाशी ठेवायच्या उपकरणात मात्र खुपेल.

संरक्षणाबाबत तक्रार नाही. आउटपुट शॉर्ट झाला किंवा फीडबॅक तुटला, तर आयसी थांबून थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करते, आणि सुमारे १४२ अंश सेल्सिअसला स्वतःहून बंद होते. याच मालिकेतील एलएनके३०२ मध्ये ही पुन्हा प्रयत्न करण्याची सोय नाही, हे स्वस्तातला भाग निवडताना लक्षात असू द्यावे.

सर्वांत गंभीर मर्यादा ही की या जोडणीत विद्युत विलगीकरण अजिबात नाही. १२ व्होल्टची ऋण बाजू थेट पुरवठ्याच्या तारेला जोडलेली असते, आणि फेज-न्यूट्रल उलटे लागले की संपूर्ण आउटपुट फेजच्या दाबावर जातो. ज्या उपकरणाचे बटण, सेन्सर किंवा सॉकेट माणसाच्या हाताला लागणार आहे, त्यात ही आयसी अशा जोडणीने वापरू नये. तिथे ट्रान्सफॉर्मरने आउटपुट पुरवठ्यापासून वेगळा ठेवणारा फ्लायबॅक पुरवठाच हवा. चाचणीच्या वेळीही बोर्ड विलगीकरण ट्रान्सफॉर्मरवरूनच चालवावा, आणि तो नसेल तर ऑसिलोस्कोपची अर्थिंगची (जमिनीला जोडलेली) क्लिप बोर्डाला लावूच नये.