टोकियो २०२०च्या दावेदारीचा बिल्ला

मुंबईच्या फोर्टमध्ये जुनी नाणी, टपाल तिकिटे आणि पदके विकणारे एक छोटे दुकान आहे. तेथून मी मागील महिन्यात टोकियो २०२०च्या ऑलिंपिक दावेदारीचा बिल्ला ४५० रुपयांना घेतला. उंची जेमतेम अडीच सेंटिमीटर. वर चेरीच्या फुलांचे चक्र, खाली शहराचे नाव व वर्ष आणि त्याखाली पाच कडी. ही कडी महत्त्वाची आहेत, कारण यजमानपदाच्या दावेदारांच्या अंतिम यादीत स्थान मिळाल्यावरच शहराला ती बोधचिन्हात वापरता येत असत. टोकियोचा त्या यादीत समावेश २३ मे २०१२ रोजी झाला, त्यामुळे माझा बिल्ला त्यानंतरचा असला पाहिजे. विक्रेत्याने हे स्वतःहून सांगितले, याचे मला विशेष कौतुक वाटते.

आइ शिमामिने या कलाशाखेच्या विद्यार्थिनीची ही रचना नोव्हेंबर २०११ मध्ये, म्हणजे ११ मार्चच्या भूकंपाला आणि त्सुनामीला नऊ महिनेही झालेले नसताना, जाहीर झाली. पुष्पचक्र म्हटले की आपल्याला त्या दुकानापासून जवळच असलेल्या हुतात्मा चौकातील अभिवादन आठवते; फुलांचे असे वर्तुळ आपण गेलेल्यांना वाहतो. संयोजकांनी मात्र या वर्तुळात ‘पुन्हा परत येणे’ हा अर्थ पाहिला होता. त्या वर्षीच्या जपानसाठी हे दोन्ही अर्थ एकाच चक्रात मावतात, असे मला वाटते, आणि म्हणूनच मला हे बोधचिन्ह इतर दावेदारांच्या चिन्हांपेक्षा अधिक खोल वाटते. चेरीचे फूल मैत्रीचेही आहे: टोकियोने १९१२ मध्ये वॉशिंग्टनला चेरीची तीन हजारांहून अधिक झाडे भेट दिली होती. विक्रोळीजवळ द्रुतगती महामार्गाच्या कडेला गुलाबी टॅबेबुया फुलल्यावर गाड्यांचा वेग कमी करून पाहणाऱ्या मुंबईकरांना त्या फुलांची ओढ वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

बिल्ल्याची खरी परीक्षा रंगांत होते. ऑलिंपिकच्या कड्यांत निळा, पिवळा, काळा, हिरवा आणि लाल असे रंग आहेत. फुलांच्या चक्रात काळ्याच्या जागी जांभळा आहे. हा एदो काळापासून टोकियोशी जोडलेला जांभळा असून, एदो हे त्या शहराचेच जुने नाव. हलक्या प्रतीच्या मीनाकामात हा रंग काळपट उतरला, तर शहराची ओळखच पुसली जाते. माझ्या बिल्ल्यात तो स्वच्छ उतरला आहे, पाकळ्यांच्या कडाही एकमेकींत मिसळलेल्या नाहीत. अक्षरे मात्र इतकी बारीक आहेत की हातभर अंतरावरून वाचता येत नाहीत, आणि मागची पकड सैल असल्याने पहिल्याच दिवशी लोकलच्या गर्दीत बिल्ला सदऱ्यावरून निसटता निसटता वाचला.

यजमानपदाच्या मतदानात टोकियोने ७ सप्टेंबर २०१३ रोजी इस्तंबूलवर ६० विरुद्ध ३६ मतांनी मात केली. पुढे स्पर्धेसाठी वेगळे बोधचिन्ह आले, ते दुसऱ्या एका चिन्हाशी असलेल्या साम्याच्या वादामुळे २०१५ मध्ये मागे घ्यावे लागले, आणि अखेर २०१६ मध्ये निळ्या चौकटींचे चिन्ह निवडले गेले. ते देखणे आहे. पण त्यात फुले नाहीत.

संग्राहकांनी हा बिल्ला जरूर घ्यावा. पकड मात्र तेथेच बदलून मागावी. मला ती नंतर २० रुपयांत बदलून मिळाली.